सुशीलाअक्कांनी हातात दिलेला मीटर

सुशीलाअक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात शिकवताना. त्यांच्या टेबलावरचा दिवा लागत नव्हता. "बल्ब गेलाय," मी पहिल्याच दिवशी अक्कल पाजळली. "कशावरून?" असं विचारून अक्कांनी वीज तपासायचा मीटर माझ्या हातात दिला. बल्ब ठणठणीत होता, फ्यूज उडालेला होता. वर्ग हसला, अक्का हसल्या नाहीत. शिकवणं कन्नडमधून, आणि मी सीमाभागातल्या करजगीच्या मराठी शाळेतून आलेला, कन्नड अडखळत वाचणारा. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरच्या प्रत्येक कन्नड शब्दाशेजारी त्या मराठी शब्द लिहू लागल्या. कुणासाठी, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

बिघाड भिंतीपासून शोधायचा, ही अक्कांची शिस्त. आधी वीज येते का पाहा, मग वायर, मग यंत्र. माणसाचं नाव सगळ्यांत शेवटी. त्यांचे विद्यार्थी हे सगळीकडे सांगत फिरतात. पाळतात किती, ते इतरांचं मला ठाऊक नाही, माझं सांगतो.

मी आणि मल्लिनाथ भागीदारीत दारं-खिडक्या बसवतो. गेल्या वर्षी अफजलपूरला एका घराचं काम चालू असताना बॅटरीवरच्या ड्रिलचा चार्जर बिघडला. त्याचा लाल दिवा लुकलुकायचा नि विझायचा, बॅटरी काही भरायची नाही. आदल्या दिवशी तो मल्लिनाथच्या हातून पडला होता. झालं! घरमालकासमोर मी त्याला नको नको ते बोललो. "पडला व्हय, पण नंतर चालू होता की," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नको," मी म्हणालो. अकरा वर्षांची जोडी मी अशी एका दमात मोडली.

अक्का आता निवृत्त आहेत. फोनवर मी चार्जरचं आणि मल्लिनाथचं सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "चार्जर एकटा आणू नको. जे जे जोडलं होतं ते समदं घेऊन ये." गेल्यावर त्यांनी चार्जर आधी घरच्या पॉइंटला लावायला सांगितला. दिवा लागला, आणि चहा पिऊन झाला तरी विझला नाही. मग माझ्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला. लगेच लुकलुकला.

"बोर्ड कुणी बांधलाय?"

"मीच."

"मग त्याला मीटर कामून लावला न्हाईस?"

आपल्या हातचं काम तपासायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्लग काढून बोर्ड उघडला. ढिल्या स्क्रूखाली न्यूट्रलची वायर काळी पडली होती. अक्का रागावल्या नाहीत. जळकं टोक कापून, स्क्रू आवळून माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याचं झालं. आता मल्लिनाथकडं जा. फोन करू नको, जा."

गेलो. दारातच म्हणालो, "चूक माझी होती." मल्लिनाथनं विचारलं, "चार्जर चालू झाला का?" मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही कामावर होतो.

अक्कांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त हा लेख. त्यांचे हात, त्यांची नजर आणि ते "कशावरून?" अशीच खणखणीत राहोत, त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, असं लिहून मी कागद मल्लिनाथकडे दिला. लेख माझ्या हातचा, तेव्हा तपासून घेणं आलंच.

वाचून तो म्हणाला, "आपलं भांडण लिहिलास, बरं केलास. पण अक्काला शंभरच कामून मागायलास? वाढव की."

चूक माझीच होती. वाढवलंय.