हँगरवरची किल्ली

कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे. नव्याने लागलेल्या बायकांना वाटायचं, जिभेमुळे. जीभ होतीच तशी, पण नाव त्याच्या आधीचं. ती कामाला लागली तेव्हा शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायची, बोटांत छोटी कात्री अडकवून, दिवसभर उभी. पुढे कापड कापायच्या टेबलावरचा एक माणूस आजारी पडला. माल निघायचा होता, म्हणून मास्तरने वैतागून तिच्या हातात विजेची सुरी दिली. माणूस बरा होऊन परत आला तोवर टेबल तिचं झालं होतं.

"बाईच्या हातात वीज आणि पातं एकत्र दिलंत. आता बघा," तो मास्तरला म्हणाला.

"तुमच्या घरी तर रोज देता," कात्री म्हणाली. "मिक्सर काय तुम्ही फिरवता?"

त्या टेबलावर ती एकटीच बाई. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी नमुना ठेवायचा, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा चढवायचा आणि उभ्या पात्याची सुरी थरात घालायची. एकदा सुरी आत गेली की कोपरा येईपर्यंत थांबायचं नाही. थांबलात की थर सरकतो आणि एक बाही नाही, अख्खी थप्पी वाया जाते. शिंक आली तर गिळायची. कुणी हाक मारली तर मान वळवायची नाही. कात्रीने हाकेला ओ दिली नाही तर समजायचं, सुरी आत आहे.

तिची नणंद त्याच कारखान्यात कॉलरच्या मशिनवर होती. नणंद थोरली, म्हणून कात्री तिला वन्सं म्हणायची. कात्रीला इथे चिकटवून दिलं होतं वन्संनीच, आणि दिवसातून एकदा तरी त्या ते बोलून दाखवायच्या.

"मी शब्द टाकला म्हणून तू इथे आहेस, वहिनी."

"हो वन्सं. आणि पगार मी काम करते म्हणून मिळतो."

आता मुद्द्याची गोष्ट. बायकांच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली फ्लोअर साहेबांच्या टेबलावर. ती हरवते अशी तक्रार करून साहेबांनी ती कोटाच्या भल्यामोठ्या लाकडी हँगरला बांधली होती. जिला जायचं तिने साहेबांसमोर उभं राहायचं, मागायचं, आणि तो हँगर हातात घेऊन अख्खा हॉल ओलांडायचा. इस्त्रीवाल्यांच्या रांगेसमोरून जावं लागे. कुणी खाकरायचं, कुणी शीळ घालायचं. परत येऊन हँगर टेबलावर ठेवला की साहेब घड्याळाकडे बघून म्हणायचे, "आलात? मला वाटलं, तिकडेच संसार थाटलात."

यावर हसायचं असे. न हसणारीला पुढच्या वेळी किल्ली उशिरा मिळे. बायका पाणी कमी प्यायच्या. पुरुषांच्या संडासाला दारच धड नव्हतं, तिथे कुलूप कुठून येणार. माल विकत घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला यायची त्या दिवशी मात्र कुलूप नाहीसं व्हायचं, आत साबणाची नवी वडी यायची आणि साहेब सगळ्यांना 'ताई' म्हणायचे.

एके दिवशी थर अंथरून तयार होता. सुरी आत घालायच्या आधी जाऊन यावं म्हणून कात्री साहेबांसमोर उभी राहिली. साहेब फोनवर होते. त्यांनी एक बोट वर केलं: थांब. ती थांबली. फोन कामाचा नव्हता, ते ऐकू येतच होतं. मेहुण्याच्या गाडीचा रंग ठरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी फोनवर हात ठेवला.

"काय?"

"किल्ली."

"थर टाकलाय ना? आधी तो काप. माल आज जायचाय."

"साहेब, पाच मिनिटं."

"तुम्हा बायकांची पाच मिनिटं मला माहीत आहेत. आधी कापड, मग काय ते."

ती टेबलाकडे गेली आणि मोजा चढवला. बाहीच्या वळणावर, जिथे हात सगळ्यांत सैल लागतो तिथेच, तिचं अंग आवळलं गेलं आणि पातं नमुन्याच्या रेघेच्या अर्धं बोट आत गेलं. थांबायचं नसतं, म्हणून ती थांबली नाही. कोपऱ्यापर्यंत गेली. मग सुरी बंद करून वरची बाही उचलून बघितली. खालपर्यंत सगळ्या तशाच.

साहेबांनी हॉलभर ऐकू जाईल असा आवाज काढला. "म्हणून म्हणतो, हे बायकांचं काम नाही."

निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद तिच्या हातात पडली. मग साहेबांनी किल्ली पुढे केली. "जा आता, सावकाश."

तिने हँगर घेतला. आत जाऊन दाराला आतून कडी लावली, हँगर खुंटीला अडकवला आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. घरी जाता जाता बसथांब्यावर उभी असताना तिने तो सोशल मीडियावरच्या आपल्या पानावर टाकला. खाली लिहिलं: 'बायकांनी संडासाला जाताना ही मागून घ्यायची आणि सगळ्यांना दाखवत न्यायची. आज मिळाली नाही. पुरुषांच्या संडासाला कुलूप नाही. आमच्याच पोटात कंपनीचं काय गुपित आहे, ते विचारायचंय.'

कारखान्याचं नाव लिहिलं नाही. आपण शहाणपणाने वागलो, असं तिला वाटलं.

तिच्या पानावर एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांना पंधरा माणसं यायची. हा फोटो लोकांनी एकमेकांना पाठवत कुठल्या कुठे नेला. दोन दिवसांत माल विकत घेणाऱ्या कंपनीतून फोन आला: हा हँगर तुमचाच ना? हँगरच्या खांद्यावर लाकडात कारखान्याचं नाव डागलेलं होतं. रोज हातात धरून कात्रीला ते दिसेनासं झालं होतं.

घरी आधी वन्सं आल्या. चपलाही न काढता दारातच सुरू झाल्या.

"काढून टाक ते. आत्ता, माझ्यासमोर."

"का? खोटं आहे?"

"खऱ्याखोट्याचं कोण विचारतंय? ऑर्डर गेली तर सगळ्यांच्या पोटावर पाय. लोक मला विचारतात, तुमची वहिनी ना ती? संडासवाली?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार. भावाची बायको आहे, बदलून मिळत नाही."

कात्रीचा नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. दिवसभर चाळीस पोरांचा कल्ला ऐकून घरी त्याला शांतता लागे. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "जरा नमतं घे की. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

"कुठले दोन?"

"'माफ' आणि 'करा'."

"तुला पाठ आहेत. मला नाहीत."

मग चौकशी झाली. मुख्य कचेरीतून गाडीने एच.आर. मॅडम आल्या. हॉलच्या टोकाला काचेची केबिन आहे. तिथे मॅडम, साहेब, कात्री आणि 'कामगारांतर्फे' म्हणून वन्सं. वन्संना कामगारांनी निवडलं नव्हतं. साहेबांनी निवडलं होतं. काचेतून सगळ्या मशिनी दिसत होत्या आणि सगळ्या मशिनींवरून ही चौघं.

"तुम्ही कंपनीची बदनामी केलीत," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता, चादर घडी करतात तसा.

"मी कंपनीचं नाव लिहिलं नाही."

"फोटोत हँगरवर आहे."

"मग किल्लीला स्वतःचं नाव कंपनीनेच बांधलं, मॅडम. मी फक्त फोटो काढला."

"सोशल मीडियाचे नियम तुम्हाला समजावून दिले होते."

"दिले होते ना. त्याच दिवशी मशिनमेकॅनिकने आम्हा बायकांचा सुट्टीच्या वेळेचा व्हिडिओ टाकला होता, मागून काढलेला, वर गाणं लावून. त्याचं काय झालं?"

मॅडमनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "त्याला समज दिली."

"मलाही द्या."

"त्याची केस वेगळी आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याने कंपनीबद्दल काही लिहिलं नव्हतं."

"बरोबर. तो फक्त आमच्यावर घसरला होता."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "बघितलंत? ही भाषा. मी रोज ऐकतो."

मॅडमनी वन्संना विचारलं, "तुम्ही सांगा. किल्ली मागण्याचा बायकांना त्रास होतो?"

वन्संनी कात्रीकडे बघितलं नाही. "नाही हो. सवय झाली आहे."

"साहेबांचं वागणं?"

"चांगलं आहे. गंमत करतात, घरच्यासारखी." थोडं थांबून त्यांनी भर घातली, "हिची जीभच तशी आहे, मॅडम. आमच्या आईचं शेवटपर्यंत हिच्याशी पटलं नाही."

"तुमच्या आईची शी-शू शेवटची दोन वर्षं मी काढली, वन्सं," कात्री म्हणाली. "तेही सांगा. चौकशी आहे ना."

वन्संचा चेहरा काळवंडला.

मॅडमचा प्रवास लांबचा होता आणि साहेबांनी त्यांना दोनदा चहा पाजला होता. वरच्या मजल्यावर नळाचं काम काढल्याने कारखान्याच्या कचेरीतला संडास बंद. त्यांनी हळूच विचारलं, "इथे खाली... सोय?"

साहेबांनी हँगर टेबलाखालून काढून पुढे केला आणि तोंडून निघून गेलं, "लगेच यायचं हं."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडमनी हँगर घेतला, कारण न घेऊन चालणार नव्हतं. केबिनचं दार उघडून त्या बाहेर पडल्या. हॉलमधल्या मशिनी एकेक करत मंदावल्या. उंच टाचांचे बूट, घडीची पँट, हातात कोटाचा हँगर. इस्त्रीवाल्यांपैकी कुणी शीळ घातली नाही. त्यांनी माना इतक्या खाली घातल्या की तेही कळत होतं. मॅडम गेल्या आणि तोच सगळा रस्ता परत चालत आल्या.

त्या बसल्यावर कात्री म्हणाली, "आता तरी साहेबांना कुलपाचं विचारा, मॅडम."

मॅडमनी रुमालाने हात पुसले. एकेक बोट पुसलं. त्यांच्याकडे बघून वन्संनाही क्षणभर वाटलं, वारं फिरलं.

"विषय तो नाही," मॅडम म्हणाल्या. आवाजातली घडी मोडली नव्हती. "विषय असा की तुम्ही आतली गोष्ट बाहेर नेलीत. आज फोटो काढून टाका, हॉलमध्ये माइकवरून साहेबांची माफी मागा, आणि ताकीद तेवढी राहील. नाहीतर आज तुमचा शेवटचा दिवस."

"माइकवर काय म्हणू? लागली होती, चूक झाली?"

"वहिनी," वन्सं दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "पाया पडते, माग माफी."

"त्यांच्या पडा, वन्सं. तुम्हाला सवय आहे."

हे बोलायला नको होतं, असं कात्री अजूनही मानत नाही. माफी तिने मागितली नाही. जाळीचा मोजा काढून टेबलावर ठेवला. तो कंपनीचा होता. डबा घेतला, तो तिचा होता. रांगेतल्या एकाही बाईने मान वर केली नाही. कॉलरच्या मशिनी तर भलत्याच जोरात चालू झाल्या.

पुढच्या आठवड्यात कारखान्याने स्वतःच्या पानावर फोटो टाकला. संडासाच्या दाराला रिबीन, मॅडमच्या हातात कात्री, बाजूला साहेब, आणि रिबिनीचं टोक धरलेल्या वन्सं. खाली लिहिलं होतं: 'आमच्या भगिनींच्या सन्मानासाठी आता चोवीस तास खुलं.' फोटोतल्या बायका हसत होत्या. हसा म्हटलं असणार कुणीतरी. कात्रीने तो फोटो नवऱ्याला दाखवला.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला.

"आणि माझी नोकरी?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

तीन कारखाने ती फिरली. पहिल्या दोन ठिकाणी तिचं तोंड बघायच्या आधी मोबाइलवर तिचं पान बघितलं गेलं. "हात चांगला आहे हो तुमचा," एक मास्तर म्हणाला, "पण तुम्हाला ठेवलं की घरात कॅमेरा ठेवल्यासारखं." तिसऱ्या ठिकाणी तिने मोबाइल नाहीच, असं सांगितलं, आणि तेवढ्यात तो पिशवीत वाजला. आता ती एका गोदामात ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या कापते. विजेची सुरी नाही, जाळीचा मोजा नाही. जाड कात्री, दोन्ही हातांनी दाबायची. अंगठ्याला घट्टे पडले आहेत. पगार निम्मा.

वन्संशी बोलणं बंद होतं. मग एका रविवारी त्या आल्या. या खेपेला चपला काढल्या. कात्रीने चहा ठेवला. बोलणं बंद असलं तरी चहा बंद नव्हता.

"कुलूप गेलं," वन्सं म्हणाल्या.

"बघितला फोटो. छान आलात."

"टोमणे नको मारू. कुलूप गेलं, पण साहेब आता दाराशी खुर्ची टाकून बसतात. आत गेलं की घड्याळ लावतात, आणि बाहेर आलं की किती मिनिटं झाली ते मोठ्याने सांगतात. त्या नव्या पोरीला रडू फुटलं परवा."

"गंमत करत असतील. घरच्यासारखी."

वन्संनी ते गिळलं. कप बशीत फिरवला. "तू लिही ना, वहिनी."

"काय?"

"हेच. तुझ्या पानावर. लोक वाचतात तुझं. तुझं आता जाणार काय?"

कात्रीने त्यांच्याकडे बघितलं, कापायच्या आधी कापडाकडे बघायची तसं. मग मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"सांगा. तुम्ही बोला, मी लिहिते. खाली नाव तुमचं टाकू."

"माझं कशाला?"

"खुर्ची तुमच्या दाराशी आहे. माझ्या गोदामाला संडासच नाही, मी मैदानात जाते."

"माझी नोकरी आहे, वहिनी."

"माझीही होती."

वन्सं उठल्या. कपात चहा अर्धा तसाच. दारात चपला घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आपल्या माणसांसाठी एवढंही करत नाहीस. आई म्हणायची ते खोटं नव्हतं."

"जिना बघून उतरा," कात्री म्हणाली, आणि दार लावून घेतलं.