शौकत सारंगचं अक्षर

शौकत सारंग हर्णैचा. तरुणपणी बंदरात होड्यांवर नावं रंगवायचा. चोवीस वर्षांपूर्वी जेद्दात आला तोही पेंटर म्हणूनच, शराफिया भागातल्या एका पाट्यांच्या दुकानात. पुढे फ्लेक्स आला, स्टिकर कापणारं मशीन आलं आणि ब्रश कोपऱ्यात गेला. शौकत मात्र टिकला, तो अक्षरामुळे. ज्यूसवाल्यांना, कॉफीवाल्यांना, घरी केक करणाऱ्या बायकांना छापील अक्षर नको असायचं. कुणीतरी खुशीत, घाईघाईत लिहून गेल्यासारखं हवं असायचं. शौकतचं इंग्रजी अक्षर तसंच होतं. जरा उजवीकडे कललेलं, 'जी'ची शेपटी उघडी, 'ओ' कधीच पुरता न मिटलेला.

दुकानात अरवा नावाची सौदी मुलगी डिझाइनचं काम करते. या अक्षराचा फॉन्ट करू का, असं तिनं एकदा त्याला विचारलं. तो हो म्हणाला. दुपारभर बसून त्यानं प्रत्येक अक्षर चार-चारदा काढलं. मुद्दाम सारखं काढू नका, असं तिनं बजावलं होतं. फॉन्टला तिनं त्याचंच नाव दिलं आणि दुकानातल्यांना समजावलं, की हा मेनूला चालेल, वाढदिवसाला चालेल, लोणच्याच्या बरणीवर तर उत्तम; पण औषधाच्या डबीवर नको, आणि लांबलचक मजकुराला अजिबात नको. तिच्या कॉम्प्युटरवर अक्षराची चारही रूपं आलटून पालटून यायची. काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त पहिलं यायचं. एवढं कोण बघतंय, म्हणून ते तसंच राहिलं.

तीन महिन्यांनी एका सकाळी नमाजाआधी वजू करताना शौकतच्या हातून तांब्या पडला. तो उचलायला वाकला तर उजवा हात हलेना. खोलीतला धोंडीराम सांगलीकडचा, एसी दुरुस्त करणारा. त्यानं टॅक्सी केली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीभ वाचली, पाय वाचला, हात गेला. महिनाभरानं तो दुकानात परतला तेव्हा मालकानं त्याला काउंटरवर बसवलं. डाव्या हाताच्या एका बोटानं तो मजकूर टाईप करायचा. पडद्यावर त्याचं अक्षर उमटायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, वा, हातानं लिहिल्यासारखं वाटतं. शौकत मान हलवायचा.

त्याला वाईट वाटत असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अरवा काही दिवस त्याच्याकडे बघणं टाळायची. सकाळी शर्टाची बटणं लावून देताना धोंडीरामनं एकदा म्हटलंच, "शौकतभाई, रडून तरी घ्या की एकदा."

"येत नाही," शौकत म्हणाला. खरंच येत नव्हतं. भूक लागली की जेवायचा, झोप यायची.

घरी त्यानं बीपीचा त्रास झाला एवढंच सांगितलं होतं. लाइबाचं, एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं होतं. बायकोची, खतीजाची, एकच मागणी होती. कार्डं तिकडून छापून पाठवा, पण वर लाइबा आणि नवरामुलगा राहील यांची नावं तुम्ही हातानं लिहा. शौकतनं काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरूनच शंभर कार्डांवर नावं फॉन्टमध्ये छापली आणि मुंबईला निघालेल्या एका गाववाल्याबरोबर पाठवली. आपण फसवतोय असंही त्याला वाटलं नाही. अक्षर त्याचंच होतं.

चार दिवसांनी जुम्म्याच्या नमाजानंतर दुकान उघडलं, तेव्हा खतीजाचा फोन आला.

"ही नावं तुम्ही लिहिलेली नाहीत."

"माझंच अक्षर आहे ते."

"अक्षर तुमचं आहे. पण शंभर कार्डं मांडून बघितली मी. एकाही कार्डावर हात घसरलेला नाही. तुम्ही सातव्या कार्डाला कंटाळता."

मग शौकतनं तांब्यापासून सगळं सांगितलं, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं. शेवटी खतीजानं विचारलं, "जेवता कोणत्या हातानं?"

"डाव्या. चमच्यानं."

तेवढ्यात काउंटरवर गिऱ्हाईक आलं. निकाहला येतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.

निकाहला तो गेला. काझींनी रजिस्टर पुढे केलं. बापाची सही हवी होती. उजव्या हातात पेन ठरेना, तेव्हा कुणीतरी शाईचं पॅड आणलं आणि त्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. लाइबा रडली, मेव्हणे रडले. खतीजानं सगळ्यांसमोर ओढणीच्या टोकानं त्याचा अंगठा पुसला. शाई पुरती गेली नाही. ती पुसत राहिली आणि तो तिच्या हाताकडे बघत उभा राहिला. तिची बोटं गार होती, एवढं त्याला कळलं.

आता राहा, असं ती म्हणाली. इकामा, तिथला राहण्याचा परवाना, संपायला सात महिने आहेत, तेवढे भरून येतो, असं तो म्हणाला. का जायचं आहे, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पंधराव्या दिवशी तो पुन्हा काउंटरवर होता. पहिलं काम बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, पाटीचं आलं, ताजी अंडी मिळतील अशी. त्यानं ती टाईप केली, एकदा वाचून पाहिली आणि छापायला टाकली.