चार पदरी लोकर आणि क्रोशाचा दोरा

लग्न होऊन कळंबला आले तेव्हा लोकर म्हणजे लोकर, एवढंच मला ठाऊक होतं. मोठ्या जाऊबाईंनी ती चिमटीत धरून ओळखायला शिकवली. दोन पदरी मऊ लोकर तान्ह्यांच्या टोपड्यांना, तीन पदरी मोज्यांना, जाड चार पदरी पुरुषांच्या स्वेटरला. क्रोशाचा सुती दोरा निराळाच, बारीक आणि चकचकीत. "लोकर ताणली का तुटते," त्या म्हणायच्या. "ह्या दोऱ्याले ताणसीन तं बोट कापीन."

हे शिकवतानाही त्यांच्या मनगटावर वळ असत. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, कापसाच्या जिनात कामाला होते. भाजी अळणी झाली तरी दार आतून लावून मारायचे. सासूबाई बाहेर ज्वारी पाखडत राहायच्या. मीही बाहेरच असायची.

त्या हिवाळ्यात शेजारच्या मास्तरांच्या बायकोनं नवऱ्यासाठी जाऊबाईंना स्वेटर विणायला दिलं. राखाडी, चार पदरी. पाठ झाली होती, पुढचा भाग सुयांवर होता. एका दुपारी भासरे पिऊन अवेळी घरी आले आणि ते बघून दारातच थांबले.

"हे कोनाचं व्हय?"

"मास्तरायचं. त्यायच्या बाईनं देल्लं."

"त्याच्या छातीचं माप कोनं घेतलं? तू?"

त्यांनी सुया उपसून फेकल्या, वीण उसवली आणि ती लोकर जाऊबाईंच्या गळ्याभोवती गुंडाळून ओढली. लोकर ताणली, तुटली. मग त्यांनी टोपलीतला क्रोशाचा दोरा उचलला आणि दुहेरी करून आवळला. जाऊबाईंचा आवाजच बंद झाला. टाचा जमिनीवर आपटू लागल्या.

"सोडा जी तिले! मरून राह्यली ते!" मी ओरडले आणि दोऱ्याखाली बोटं घालायला गेले. दोरा कातडीत रुतला होता. भासऱ्यांनी माझ्या पोटात लाथ घातली. पडले तिथे हाताला विणायची लोखंडी सुई लागली. दोन्ही हातांनी मी ती त्यांच्या मांडीत खुपसली. सुई वाकली, पण आत गेली. ते गुरासारखे ओरडले आणि हात सुटला. मी कात्रीनं दोरा कापला, तर त्याच्याबरोबर कातडीही निघाली.

आता मात्र सासूबाई उठल्या. चुलीतलं जळतं लाकूड घेऊन माझ्यावर धावल्या. "माह्या लेकाले भोसकतं, रांडे!" माझा दंड भाजला. संध्याकाळी नवरा आला, आईचं ऐकून घेतलं आणि त्यानंही मलाच मारलं.

सकाळी मी जाऊबाईंना घेऊन एस.टी.नं मारेगावला त्यांच्या भावाकडे गेले. कोणी अडवलं नाही. भावानं गळा बघितला आणि कुऱ्हाड घेऊनच निघाला. त्याच्या बायकोनं त्याच्या पायाला मिठी मारली म्हणून थांबला. मी एकटीच परतले; जाऊबाई पुन्हा कळंबला आल्या नाहीत. त्यांचा आवाज जन्मभर घोगरा राहिला.

भासऱ्यांनी पुढे दुसरी बायको आणली. अगदी कोवळी पोर होती. ती आली त्याच दिवशी, ते समोर चहा पीत बसलेले असताना, मी तिला म्हटलं, "यायनं हात उचलला तं मले आवाज दे."

भासरे कप तसाच ठेवून अंगणात निघून गेले.