दर दहावी गोळी

माझी मावशी बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होती. दर दहावं बटण बाजूला काढायचं, पक्कडीनं फोडायचं, आतून पोकळ निघालं तर अख्खी खेप परत. ही सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. ती दुकानात शिरली की भले भले दुकानदार गप्प बसत.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि तिच्या वाट्याला तीन गोळ्या आल्या. दुखण्याची घेतली की तासाभरात आराम पडे. झोपेची घेतली की डोळे मिटत. तिसरी मात्र रोज एक, पाच वर्षं, आणि तिनं काही म्हणजे काही होत नसे. झालंच तर अंगातून गरम वाफा निघत.

"हिच्यात कुठेतरी पाणी मुरतंय," मावशी म्हणायची.

मी ते कानाआड केलं, ही माझी चूक. चौदाव्या महिन्यात तिचं कपाट आवरताना पत्र्याच्या डब्यात बेचाळीस गोळ्या सापडल्या. प्रत्येक कागदात गुंडाळलेली, वर तारीख. काही फोडून पाहिलेल्या.

"दर दहावी," ती शांतपणे म्हणाली. "नमुना."

"आणि त्या दिवशी दुसरी घ्यायचीस?"

"दुसरी कशी घेणार? मोजणी चुकेल."

माझं डोकंच फिरलं. तिला तशीच औषधांच्या दुकानात नेली. तिथल्या बाईंनी डबा पाहिला, पण हसल्या नाहीत.

"दुखण्याची गोळी जखम भरत नाही, मावशी. दुखणं वाढवणारं रसायन शरीर बनवतं, ते ती कमी करते. झोपेची मेंदूला मंदावते. त्या दोन्ही लगेच जाणवतात. तुमची गाठ इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर पोसणारी. मागे उरलेल्या पेशीत त्याची बसायची जागा ठरलेली असते. ही तिथे आधीच जाऊन बसते."

"म्हणजे नुसती जागा अडवते?" मावशीचा संशय अजून फिटला नव्हता.

"हो. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. पण तुम्ही नेमानं चुकवलंय. डॉक्टरांना सांगा."

"काम करतेय हे कळणार कधी?"

"काही झालं नाही, म्हणजे करतेय."

"आणि झालं तर?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तो माझ्या हातात दिला. वाटभर मला तिचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला समोर बसवलं, गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

"मला जगायचंय ग," ती म्हणाली. "म्हणून तर तपासत होते."