एकही प्रश्न सोडायचा नाही

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज आली की काय होते, हे आता मी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगू शकते. डोळा फिरवला की दुखतो, नजरेच्या मध्यभागी धुके साचते आणि रंगांपैकी लाल रंग आधी दगा देतो. माझ्या बाबतीत ही सूज घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना अवतरली. पेनची लाल शाई विटकरी दिसू लागली, म्हणून मी रिफिल बदलली आणि शिरवणे गावातल्या स्टेशनरीवाल्याला मालाच्या दर्जाविषयी चार शब्द ऐकवले. घरी येऊन दुखणारा उजवा डोळा सहज मिटला, तर शाई लालभडक! स्टेशनरीवाल्याची क्षमा मागायची अजून राहिलीच आहे.

सलाइनमधून औषध दिले गेले, दुखणे थांबले आणि मी सक्तीच्या रजेवर घरी बसले. माझा दहावीचा गणिताचा वर्ग बदली शिक्षकाकडे गेला. हे शिक्षक भूमितीची प्रमेये सिद्ध न करता पाठ करून घेतात, अशी बातमी मला वर्गातल्या मुलींकडून रोज मिळत असे. डोळ्यापेक्षा ती अधिक खुपत होती. शाळेचा नियम मात्र स्पष्ट होता: दृष्टी पूर्ववत झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा आणि वर्ग घ्या. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होण्यापूर्वी तो दाखला मिळवायचाच, असे मी ठरवले.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांच्या रुग्णालयात एका संगणकाला शिकवण्याचे काम चालू होते. पद्धत सोपी आहे. रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र घेतात. नसेच्या तंतूंचा थर किती पातळ झाला आहे, ते त्यात दिसते. शेजारी त्या रुग्णाने तक्त्यावरची किती अक्षरे वाचली, हे नोंदवतात. अशा पुष्कळ जोड्या दाखवल्या की नवे छायाचित्र पाहून ‘या डोळ्याला एवढे दिसत असेल’ असा अंदाज यंत्र बांधू लागते. थोडक्यात, सोडवलेली उदाहरणे देऊन न सोडवलेले उदाहरण विचारायचे. आम्ही वर्गात याहून वेगळे काय करतो?

तपासणीला माझे पती सोबत होते. ते बंदराजवळ, द्रोणागिरीला मालाच्या गोदामात नोकरी करतात, त्यामुळे यंत्रांवर त्यांचा माझ्याहून अधिक विश्वास आहे.

“टेन्शन घेऊ नकोस,” ते म्हणाले. “आमच्याकडे कंटेनरसुद्धा उघडत नाहीत आता. स्कॅनर सांगतो आत काय आहे ते.”

“अहो, मी कंटेनर नाही.”

“नाहीसच. कंटेनर उलट बोलत नाही.”

डावा डोळा झाकून मी तक्ता वाचला. वरच्या ओळी बऱ्या होत्या. खालच्या ओळींत करड्या मुंग्या बसलेल्या. तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि जवळजवळ सगळी अक्षरे बरोबर आली. डॉक्टर खूश झाल्या. “मॅडम, डिस्टिंक्शन!” त्या म्हणाल्या, आणि दाखल्याचा कागद पुढे ओढत त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले. माझ्या डोळ्याच्या छायाचित्रावरून यंत्राने बांधलेला अंदाज मात्र भलताच होता. त्याच्या मते त्या डोळ्याला तक्त्याच्या निम्म्यापर्यंतही दिसायला नको होते.

“चुकलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “अजून शिकतंय ना ते. काही हरकत नाही, तुमचं उत्तर त्याला बरोबर म्हणून देते. पुढच्या वेळी सुधारेल.”

“बघ,” पती म्हणाले, “तिथेही तुझ्यामुळे कुणीतरी नापास झालं.”

मी हसले, आणि मग हसता येईना. मला काही चैन पडेना, कारण मला माझी पद्धत ठाऊक होती. ‘एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही’ हे मी वर्गाला कायम बजावत आले आहे. त्यात विद्यार्थ्यांची किडकी अक्षरे लावण्यात माझी हयात गेली. एखादी रेघ, एखादा बाक दिसला की बाकीचे अक्षर मी मनाने पुरे करते. तक्त्यावर नेमके तेच केले होते. डावीकडे सरळ रेघ वाटली नाही, तर ‘डी’ नव्हे. मग ‘ओ’ की ‘सी’? खाली टोक असावे, म्हणून ‘क्यू’. हे वाचन नव्हते, पेपर तपासणे होते. आणि आता ज्या विद्यार्थ्याने, म्हणजे यंत्राने, उत्तर बरोबर दिले, त्यालाच चूक ठरवून डॉक्टर माझे उत्तर घोकायला लावणार होत्या. बदली शिक्षकांवर माझा राग होता तो याहून निराळ्या कशासाठी?

दाखल्यावर सही व्हायची होती. गप्प राहिले असते, तर सोमवारी वर्ग माझा होता.

“डॉक्टर,” मी म्हटले, “मला ती अक्षरे दिसली नाहीत. मी ती ओळखली.”

“म्हणजे?”

“म्हणजे यंत्राला चूक देऊ नका. पुन्हा घ्या परीक्षा.”

त्यांनी तक्ता बदलला आणि नियम सांगितला: अंदाज करायचा नाही, दिसेल तेवढेच वाचायचे. चौथ्या ओळीवर मी जन्मात प्रथमच परीक्षेत “येत नाही” म्हणाले. पाचव्या ओळीवर पुन्हा. निकाल यंत्राच्या अंदाजाला अगदी लागून आला. डॉक्टरांनी टाळी वाजवली, पतींनी ‘सांगितलं नव्हतं?’ अशा चेहऱ्याने पाहिले. खोलीत आनंदीआनंद झाला. वाईट निघाला होता तो फक्त माझा डोळा. दाखल्याचा कागद परत गठ्ठ्यात गेला, नव्या तपासण्या लिहून दिल्या गेल्या आणि औषध बदलले.

नव्या औषधाने खालच्या ओळी दिसू लागल्या, दाखला मिळाला आणि वर्ग मला जानेवारीत मिळाला, सराव परीक्षेच्या तोंडावर. पहिल्याच दिवशी मी जुना नियम मागे घेतला. जिथे उत्तर येत नसेल, तिथे ठोकून देऊ नका, ‘येत नाही’ असे स्पष्ट लिहा. म्हणजे मला काय शिकवायचे ते कळेल. वर्गाने ही सूचना माझ्या कोणत्याही सूचनेपेक्षा मनापासून पाळली. एका मुलीने तर भूमितीच्या सगळ्या प्रमेयांखाली तेवढेच लिहिले, अधोरेखित करून. मी तिला शून्य दिले. मग डावा डोळा झाकून तो कागद पुन्हा पाहिला. शून्य विटकरी होते, पण ‘येत नाही’ मात्र काना, मात्रा, वेलांटीसह दिसले. ओळखावे लागले नाही.