मधल्या गावाची सवारी

जळगाव स्टेशनसमोर टॅक्सी स्टँडच्या कडुलिंबाला एक फळी ठोकलेली होती. फळीवर बारा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा एकेक बिल्ला. तेराव्या खिळ्याला मात्र डांबर फासलेलं होतं आणि तो बहुधा रिकामाच असायचा. फळी, खिळे, बिल्ले आणि डांबर, सगळं अभिमन पाटलाचं डोकं.

अभिमन मूळ यावलचा. फैजपूरच्या केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, तिथेच गाडी शिकला, आणि बासष्ट साली एक जुनी लँडमास्टर घेऊन जळगावच्या स्टँडवर उभा राहिला. तेव्हा रेल्वेतून सवारी उतरली की सहा ड्रायव्हर तिच्या ट्रंकेवर झडप घालायचे. ट्रंक एका गाडीत, माणूस दुसरीत, असंही होई. एकदा हाणामारीत एकाचं डोकं फुटलं. त्यानंतर अभिमनने सगळ्यांना चहावर बसवून नियम घालून दिला. जो आधी आला त्याचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर. पुढची गाडी हलल्याशिवाय मागच्याने सवारी घ्यायची नाही. घेतली तर बिल्ला डांबरी खिळ्यावर, आणि आठ दिवस स्टँड बंद.

नियम छान चालला. भांडणं थांबली. पोलीससुद्धा म्हणाले, "पाटील, तुम्ही आमचं काम कमी केलंत."

एकच गोष्ट अभिमनच्या ध्यानात आली नव्हती. नियम केला तेव्हा सगळे सवारीसाठी भुकेले होते. हातची सवारी नाकारणारा ड्रायव्हर कधी निघेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून नाकारणाऱ्याचं काय करायचं, ते नियमात नव्हतंच.

अडुसष्ट साल उजाडेपर्यंत दिवस पालटले होते. धुळ्याला जाणारे व्यापारी वाढले. पाच सवाऱ्या भरायच्या आणि थेट धुळं गाठायचं, यात सगळ्यांना गोडी लागली. मधल्या गावाची सवारी कुणाला नको असायची. पाळधी, एरंडोल, पारोळा म्हटलं की ड्रायव्हर आभाळाकडे बघायचे.

त्या दिवशी ऋषिपंचमी होती. गणपतीमुळे एरंडोलजवळच्या पद्मालयाकडे जाणाऱ्यांची झुंबड उडाली होती आणि एसटीच्या गाड्या दाराला लोंबकळणारी माणसं घेऊन सुटत होत्या. सव्वापाचच्या सुमारास पन्नाशी उलटलेली एक बाई स्टँडवर आली. डोक्यावरून मारवाडी पद्धतीची ओढणी, हातात कापडी पिशवी. दोन बस सुटल्या होत्या, पाय ठेवायलासुद्धा जागा मिळाली नव्हती.

"भाऊ, एरंडोल," ती पहिल्या गाडीपाशी म्हणाली.

पहिला नंबर जीवरामचा. गाडीत धुळ्याचे चार जण बसलेले, पाचव्याची वाट पाहणं चाललेलं.

"धुळानं भाडं लावेल शे, अक्का. एरंडोल नही."

"पण गाडी एरंडोलवरूनच जाते ना?"

"जास ना. थांबत नही."

आतले चौघे हसले. बाई हसली नाही. ती दुसऱ्या गाडीकडे गेली. तिथे वना होता. वना म्हणाला, "नंबर माझा नाही." तिसऱ्यानेही तेच सांगितलं. चौथी गाडी अभिमनची.

"तुमचाही नंबर नसेल," ती आपणहून म्हणाली आणि मडगार्डला टेकून उभी राहिली.

अभिमनने विचारलं, "अक्का, एवढी घाई कशाची?"

बाईचं नाव लाडकुंवर. मलकापूरच्या नेमीचंद शेठजींच्या घरची. तिची मुलगी तारा गेल्या वर्षी एरंडोलला दिली होती. पोरीने या पर्युषणात अठ्ठाई केली होती. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. आज सकाळी उपवास सोडायचा, म्हणजे पारणं करायचं. पण पोर अडून बसली होती, पहिली अठ्ठाई आहे, पारणं आईच्या हातूनच करीन. लाडकुंवर सकाळच्या गाडीने निघणार होती. नेमकं घरी सासूबाईंचंही पारणं निघालं, ते आटोपेस्तोवर गाडी चुकली.

"मग ती खाऊन घेईल की," अभिमन म्हणाला.

"ताराला तुम्ही ओळखत नाही. तार केली तरी ऐकायची नाही. आणि सूर्य मावळला की आमच्यात तोंडात पाण्याचा थेंब चालत नाही. आज चुकलं तर रात्र निर्जळी जाणार, आणि उद्या नववा उपवास संपून दहावा दिवस. परवाच चिठ्ठी आली, पोरीला घेरी येते म्हणून." तिने रुमालात बांधलेलं नवऱ्याचं मनगटी घड्याळ सोडून पाहिलं. "आजचा सूर्यास्त सहा अठ्ठेचाळीसचा. आमच्या जैन मंदिरात लिहिलेलं असतं."

अभिमनने घड्याळ पाहिलं. पाच वाजून बावीस मिनिटं.

तो जीवरामकडे गेला. "जीवराम, बसाडी ले तिले. पोर उपाशी शे."

"आनि एरंडोलपासून पुढे ती जागा रिकामी लई जाऊ का? माले काय धर्मशाळा उघडनी शे?"

"मंग माले जाऊ दे."

जीवराम काही बोलायच्या आत वना मागून म्हणाला, "कायदा तुनाच शे ना, भाऊ? आज हाई अक्का, उद्या कोनी मामी. मंग बठ्ठा जन म्हनतीन, आमनी सवारी अडेल व्हती. पुन्हा डोकं फुटी कोनं तरी."

वना वाईट बोलला नव्हता. हेच शब्द अभिमनने सहा वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर बोलून दाखवले होते. ते आता दुसऱ्याच्या तोंडून त्याच्याकडे परत आले होते. नियम मोडावा तर उद्यापासून फळीला किंमत नाही. पाळावा तर ती पोर…

आपल्या कामाची त्याला लाज वाटली. यंत्र नीट चालतंय म्हणून आपण खूश होतो, आणि त्यात माणूस अडकला तर ते थांबवायचा दांडाच बसवलेला नाही.

तो कडुलिंबापाशी गेला. चौथ्या खिळ्यावरचा आपला बिल्ला काढला आणि सगळ्यांच्या देखत डांबरी खिळ्याला अडकवला.

"आठ दिवस मनी गाडी बंद," तो म्हणाला. "कायदा मोडेल नही. दंड भरी दिधा."

मग त्याने लाडकुंवरला गाडीत बसवलं आणि हँडल मारून गाडी चालू केली.

गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा पाच सदतीस झाले होते. लँडमास्टरला भरधाव जायची सवय नव्हती. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग थोडं गळायचं, आणि पाळधीच्या पुढे बॉनेटमधून वाफ यायला लागली. अभिमनने गाडी एका विहिरीपाशी घेतली.

"काय झालं?"

"तहान लागली तिला."

"मग पाजा लवकर!"

"लवकर नाही पाजता येत, अक्का. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर लोखंडाला तडा जातो. मग एरंडोल पायी."

त्याने फडकं धरून झाकण हळूच सैल केलं. वाफ फुसफुसत बाहेर पडली. इंजिन चालू ठेवून तो डब्याने थोडं थोडं पाणी ओतत राहिला. लाडकुंवर मिनिटाला एकदा घड्याळ पाहत होती. आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. न दिसणाऱ्या सूर्याची भीती जास्त.

"रडू नका," अभिमन म्हणाला. "हिच्या पोटातही उकळलेलंच पाणी आहे. तुमच्याच धर्माची आहे ही."

लाडकुंवरला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही वाहिले. "मग हिचंही पारणं करा आणि चला बाबा!"

विहिरीपाशी अठरा मिनिटं गेली.

एरंडोलच्या गल्लीत गाडी शिरेना. लाडकुंवर उतरली आणि त्या वयात ओढणी सावरत धावत सुटली. अभिमन पिशवी घेऊन मागे. दारात तिची विहीण भंवरीबाई उभी होती. लाडकुंवरला पाहताच तिने घरात वळून हाक मारली, "तारा! आली गं तुझी माँ!"

ओसरीवर खांबाला टेकून पोर बसली होती. ओठ सुकून पांढरे पडलेले. लाडकुंवरने हात धुतले, वाटीतलं मुगाचं पाणी चमच्यात घेतलं आणि तिच्या तोंडाला लावलं. पोरीचा गळा हलला. मग दुसरा चमचा, मग तिसरा. चौथ्याला ती म्हणाली, "माँ, किती हळू पाजतेस!"

ओसरीवरची सगळी माणसं हसली. सकाळपासून त्या घरात कुणी मोकळा श्वास घेतला नसावा. दाराबाहेर अभिमनही भिंतीला टेकला.

"भाऊ, आत या!" भंवरीबाईने हुकूम सोडला. "जेवल्याशिवाय जायचं नाही."

"जेवतो सावकाश…"

"सावकाश कसलं! बारा मिनिटं आहेत सूर्यास्ताला!"

आणि मग यावलच्या पाटलाला अख्ख्या मारवाडी घराने घड्याळ धरून जेवू घातलं. एक वाढतोय, दुसरा "घ्या घ्या" म्हणतोय, तिसरा मिनिटं मोजतोय. एवढ्या घाईने तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा जेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घरी ठेवून स्टँडवर चालत आला. शिक्षा ती शिक्षा. फळीपाशी सगळे जमले होते. वनाने सांगितलं, पाचवी सवारी काही आली नाही, आणि साडेसहाला धुळ्याचे चौघे कंटाळून उतरून गेले. मग तिथेच ठरलं. सवारी नाकारायची असेल तर नाकारा, पण नाकारणाऱ्याचा बिल्ला बाराव्या खिळ्यावर जाईल, आणि सवारी मागच्या गाडीला. अभिमनची शिक्षा माफ करावी असं दोघे म्हणाले. त्याने ऐकलं नाही. आठ दिवस तो यावलला जाऊन राहिला आणि पंपाचं पॅकिंग बदलून आला.

पण त्या सकाळी तो निघाला तेव्हा जीवराम त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आला होता. आधी त्याने विडी पेटवली. मग दुसरीकडेच बघत विचारलं, "पोरले वेळवर भेटनं का पानी?"

"भेटनं. सोळा मिनिटं बाकी व्हतीत."

जीवरामने धूर सोडला. "बरं व्हयनं," तो म्हणाला. "माले रातभर झोप नही लागनी."