आईचा उभा ओटा

आकुर्डीला आमचं दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली होती. ओटा उभ्याचा पाहिजे! खिडकी कुठेही काढा, भिंतींना कुठलाही रंग द्या, तिचं काही म्हणणं नव्हतं. भाड्याच्या खोलीत खाली बसून स्वयंपाक करून तिचे गुडघे गेले होते. उठताना भिंत धरायची, आणि मी हात द्यायला गेले की माझ्यावरच चिडायची.

ओट्याचं माप बाबांनी घेतलं. बाबा कंपनीत फिटर, मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकणार नाहीत.

आई म्हणाली, "अहो, मला एकदा उभी करून बघा ना."

"उभ्याने काम कसं करतात ते मला सांगतेस? आमच्या वर्कबेंचपाशी अख्खी शिफ्ट उभं राहिलं तरी कंबर दुखत नाही."

आणि बेंचचीच उंची ओट्याला दिली! वर काळाभोर कडप्पा. काय दिसत होता म्हणून सांगू, शेजारच्या बायका हात फिरवून गेल्या.

राहायला गेलो. आईने ओट्यावर स्टोव्ह ठेवला, स्टोव्हवर तवा, आणि तवा थेट तिच्या हनुवटीशी! बेंचवर काम बेंचवरच होतं, इथे मध्ये स्टोव्ह येतो, हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यात बाबा उंच, आई बुटकी. भाकरी थापताना तिचे खांदे कानाला लागायचे.

"होईल सवय," बाबा म्हणाले.

"सवय होईल हो, पण उंची नाही वाढायची आता."

शेवटी तिने स्टोव्ह खाली घेतला. परत बसणं, परत भिंत धरून उठणं. ओट्यावर नुसते डबे. आत्या आली तेव्हा बघून म्हणाली, "दादा, ओटा छान आहे हं. वहिनीला खालून चांगला दिसतो." कडप्पा बसलेला, आता फोडणार कसा?

पण बाबांच्या डोक्यात ते राहिलं. कंपनीत मशीनपुढे तेलकट फरशीवर पाय घसरू नये म्हणून लाकडी फळ्यांची चौकट टाकतात, त्यावर उभं राहून काम करतात. एका रविवारी बाबांनी पॅकिंगच्या पेटीच्या फळ्या आणल्या. या वेळी आधी आईला ओट्यापुढे उभी केली, स्टोव्ह ठेवला, तवा ठेवला, आणि मग टेप काढली.

"हात कोपरातून वाकव. हलू नकोस."

"ब्लाउज शिवताय का माझा?" आई हसत होती.

संध्याकाळपर्यंत तशीच, पण चांगली उंच चौकट ओट्यापुढे तयार. आई चढली, पाय आपटून बघितले, आणि उभ्याने भाकऱ्या केल्या. सगळ्यांच्या! मग उतरली ती भिंत न धरता.

फळ्यांवर पेटीवरचा बाण अजून आहे, वरची बाजू दाखवणारा. आणि एक सांगायचंच राहिलं. त्यावर उभी असली की आई बाबांच्या कानाला लागते. काही ठरवायचं असेल तर ती हल्ली त्यांना ओट्यापाशीच बोलावते.